नवजात बाळाच्या श्वासाची मोजणी: छातीतील धमन्या जन्मतः चुकीच्या मार्गाने गेल्या असतील तर

नवजात बाळ दूध पिताना किंवा रडताना छातीतून घरघर ऐकू येऊ लागली, की घरातल्या मोठ्या माणसांचा निष्कर्ष ठरलेला असतो: छाती भरली आहे, कफ झाला आहे. ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकली जाते, वेखंड उगाळले जाते आणि त्यानंतरही आवाज तसाच राहिला, की मग बाळाला डॉक्टरांकडे नेले जाते. तेथेही बहुतेक वेळा कारण साधेच निघते. स्वरयंत्राचा वरचा भाग जन्मतः मऊ असणे हे तान्ह्या बाळांच्या श्वासातील आवाजाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे आणि त्यातील बहुतेक बाळांचा आवाज वर्ष-दीड वर्षात आपोआप जातो. थोड्या बाळांत मात्र दोष श्वासमार्गाच्या आत नसतो, तर बाहेर असतो. हृदयातून निघणारी एखादी मोठी धमनी गर्भावस्थेतच भलत्या बाजूने वाढलेली असते आणि ती श्वासनलिकेला बाहेरून दाबत असते. अशा बाळाची छाती कितीही शेकली तरी उपयोग होत नाही. दम्याची औषधेही फारशी लागू पडत नाहीत, कारण श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करणारे औषध बाहेरून दाबणाऱ्या धमनीला जागचे हलवू शकत नाही.

अशा बाळांच्या श्वासाची मोजणी करता येते. ती नेमकी कशी होते आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी, हे या लेखात पाहू. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: ही चाचणी धमनी शोधून देत नाही. धमनी कोठे आहे हे चित्र सांगते; त्या धमनीपायी बाळाला प्रत्येक श्वासाला किती कष्ट पडतात, हे मोजणी सांगते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली, की रिपोर्ट हातात पडल्यावर पालकांची एक तर विनाकारण घाबरगुंडी उडते किंवा विनाकारण सुटकेचा निःश्वास टाकला जातो.

धमन्यांचे कडे कसे तयार होते

गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत मानेच्या आणि छातीच्या भागात धमन्यांच्या कमानी जोडीजोडीने तयार होतात. अशा सहा जोड्या मानल्या जातात. त्या सगळ्या एकाच वेळी अस्तित्वात नसतात. काही उमटतात, काही विरतात, काही नव्या ठिकाणी जोडल्या जातात. शेवटी डाव्या बाजूची एक कमान टिकते आणि तीच महाधमनीची कमान होते. उजव्या बाजूचा तिचा जोडीदार बहुतांशी नाहीसा होतो. जो भाग विरायला हवा होता तो टिकला किंवा टिकायला हवा होता तो विरला, तर पुढची सगळी गुंफण बदलते आणि नळ्यांभोवती धमन्यांचा वेढा, म्हणजेच कडे, तयार होऊ शकते. या गुंफणीच्या मधोमध श्वासनलिका आणि तिच्या मागे अन्ननलिका असल्यामुळे चूक रक्ताच्या वाहिनीत होते आणि त्रास मात्र श्वासाला आणि गिळण्याला होतो.

सर्वांत घट्ट कडे दुहेरी महाधमनी कमानीचे असते. दोन्ही बाजूंच्या कमानी टिकून राहतात, एक श्वासनलिकेच्या पुढून आणि दुसरी अन्ननलिकेच्या मागून जाते, आणि पाठीमागे त्या पुन्हा एकत्र येतात. बहुतेक बाळांत यातील उजवी कमान मोठी आणि डावी लहान असते. दुसरा नेहमी आढळणारा प्रकार जरा फसवा आहे. त्यात महाधमनीची कमान उजवीकडे असते, डाव्या हाताची धमनी तिच्या शेवटून निघून अन्ननलिकेच्या मागून येते आणि डावीकडची बाजू एका तंतुमय बंधाने पूर्ण होते. हा बंध म्हणजे गर्भावस्थेत महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणाऱ्या वाहिनीचा जन्मानंतर उरलेला अवशेष. त्यातून रक्त वाहत नाही, म्हणून धमन्यांचे चित्र काढणाऱ्या सी.टी. अँजिओग्राफीत तो दिसत नाही. बाकीच्या धमन्यांची रचना पाहून तो तेथे असणार, असा तर्क करावा लागतो. कड्याचा एक भाग अदृश्य असतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसऱ्या प्रकाराला डॉक्टर स्लिंग म्हणतात. डाव्या फुप्फुसाची धमनी उजव्या फुप्फुसधमनीतून निघते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधल्या फटीतून डावीकडे जाते. हा प्रकार अधिक गंभीर ठरतो, कारण अशा बाळांपैकी जवळपास निम्म्या किंवा त्याहून अधिक बाळांत श्वासनलिकेच्या कूर्चाही (तिला उघडी धरणाऱ्या लवचीक, मऊ हाडासारख्या पट्ट्या) पूर्ण गोल असतात. एरवी त्या मागच्या बाजूला उघड्या असतात. पूर्ण गोल कूर्चांची श्वासनलिका मुळातच अरुंद असते आणि धमनी बाजूला केली तरी ती रुंद होत नाही. याखेरीज फॅलोच्या चतुर्दोषाचा (हृदयाचे चार दोष एकत्र असलेल्या जन्मजात विकाराचा) एक विरळ प्रकार आहे, ज्यात फुप्फुसधमनीची झडप जवळजवळ नसतेच. तेथे फुप्फुसधमन्या इतक्या फुगतात की खालच्या श्वासनलिकांना त्या चेपून टाकतात.

डावीकडच्या नेहमीच्या कमानीवर उजव्या हाताची धमनी शेवटून निघणे, हा कमानीच्या रचनेतील बऱ्याचदा आढळणारा फरक आहे. शंभर-दोनशे माणसांमागे एकात तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. गरोदरपणातील सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये नेमका हाच शब्दप्रयोग वाचून घाबरलेल्या जोडप्यांसाठी हे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. मात्र असा फरक काही वेळा गुणसूत्रांच्या दोषांबरोबर आढळतो, म्हणून डॉक्टर गर्भाची बाकीची तपासणी बारकाईने करतात, ती करू द्यावी.

नवजात बाळालाच इतका त्रास का

याचे उत्तर नळीच्या व्यासात आहे. नवजात बाळाच्या श्वासनलिकेचा आतला व्यास साधारण चार ते पाच मिलिमीटर असतो. सरळ, शांत प्रवाहात नळीचा अडथळा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे व्यास निम्मा झाला की अडथळा दुप्पट होत नाही, तर १६ पट होतो. चार मिलिमीटरची नळी चहूबाजूंनी एक मिलिमीटर आवळली गेली की नेमके हेच घडते. सोळा मिलिमीटरच्या प्रौढ श्वासनलिकेत तेवढाच बदल झाला, तर अडथळा पावणेदोन पटही होत नाही. ज्या कड्यामुळे मोठ्या माणसाला जेमतेम गिळताना काही अडल्यासारखे वाटेल, त्याच मापाच्या दाबाने तीन किलोचे बाळ घामाघूम होते, ते यामुळे.

त्यात नवजात श्वासनलिकेच्या कूर्चा मऊ असतात आणि तिची मागची भिंत कूर्चांची नसून स्नायूची असते. तिच्या लगेच मागे अन्ननलिका. दोन्ही नळ्या एकाच कड्यात अडकलेल्या असतील आणि दुधाचा घोट खाली उतरताना अन्ननलिका फुगली, तर तिला पसरायला मागे जागा नसते. ती पुढे असलेल्या श्वासनलिकेच्या मऊ भिंतीवर दाब देते आणि आधीच आवळलेली श्वासनलिका क्षणभर आणखी मिटते. म्हणून अशा बाळांचा त्रास दूध पिताना वाढतो. काही बाळे दूध पिता पिता श्वासच रोखतात आणि निळी पडतात. हे एकदा जरी घडले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मान मागे टाकून झोपण्याची सवयही याच बाळांत दिसते, कारण त्या स्थितीत श्वासनलिका ताणली जाऊन थोडी उघडी राहते. उशी लावून किंवा दुपटे घट्ट गुंडाळून ती मान सरळ करण्याचा आग्रह धरू नये.

आणखी एक गोष्ट पालकांना बुचकळ्यात टाकते. प्रसूतिगृहात बाळाच्या हातापायाला सेन्सर लावून ऑक्सिजनचे प्रमाण पाहतात आणि ते व्यवस्थित येते. हृदयाचे काही गंभीर जन्मदोष या तपासणीत सापडतात, पण धमन्यांचे कडे सापडत नाही. येथे शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळत नसते. बाळ अधिक जोर लावून पुरेशी हवा आत घेत असते आणि ऑक्सिजन टिकवून धरत असते. त्याचे कष्ट त्या आकड्यात उमटत नाहीत. ते मोजायचे तर श्वासाकडेच पाहावे लागते.

झोपलेल्या बाळाचा श्वास कसा मोजतात

मोठ्या माणसाला नळी तोंडात धरून ‘जोरात फुंका, आणखी, आणखी’ असे सांगता येते. हे साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला जमते. त्याआधी खात्रीने जमत नाही. नवजात बाळाला काही सांगता येत नाही, म्हणून त्याचा नेहमीचा, सहज चाललेला श्वासच मोजायचा असतो. तीन किलोचे बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेते आणि एका श्वासात जेमतेम पंधरा-वीस मिलिलिटर हवा आत-बाहेर होते. इतक्या थोड्या हवेच्या मोजणीत उपकरणाच्या आतली रिकामी जागासुद्धा महत्त्वाची ठरते. मास्क जरा मोठा झाला तर बाळ स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा घेत राहते आणि चाचणीच श्वास बदलून टाकते.

प्रत्यक्ष चाचणीत बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. बाळाला दूध पाजतात, ढेकर काढतात, अंगावर हलके दुपटे घालून उताणे झोपवतात आणि झोप गाढ व्हायची वाट पाहतात. मग नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मऊ सिलिकॉनचा मास्क अलगद टेकवतात. कडेने हवा निसटू नये म्हणून मास्कच्या काठाला मऊ लगदा लावून तो गालांवर बसवतात, कारण एका बाजूने निसटलेली हवा रिपोर्टमध्ये सरळसरळ खोट्या आकड्याच्या रूपाने उतरते. मास्कला जोडलेले प्रवाहमापक यंत्र हवा किती वेगाने जाते ते सेकंदाला शेकडो वेळा टिपते. मास्क लागताच बाळ क्षणभर श्वास बदलते, कधी उसासा टाकते, कधी ओठ चोखू लागते, तंत्रज्ञ थांबतात. सलग, एकसारखे असे वीस-तीस श्वास मिळाले की मोजणी झाली. एवढ्याशा नोंदीसाठी तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. नवजात बाळाला झोपेचे औषध शक्यतो देत नाहीत. विशेषतः ज्याचा श्वासमार्ग आवळलेला असल्याचा संशय आहे, त्याला केवळ एका मोजणीसाठी औषधाने झोपवण्याआधी विचार करावाच लागतो, कारण औषधाने स्नायू सैल पडतात आणि जोर लावून उघडा ठेवलेला मार्ग मिटू शकतो. तसे करायचेच असेल, तर भूलतज्ज्ञ आणि श्वासनळी घालण्याची तयारी शेजारी असायला हवी.

मिळालेल्या नोंदीतून पडद्यावर एक बंद वळसा उमटतो. आडव्या रेषेवर हवेचे आकारमान, उभ्या रेषेवर तिचा वेग. वरच्या अर्ध्यात बाहेर सोडलेला श्वास, खालच्या अर्ध्यात आत घेतलेला. निरोगी बाळात श्वास सोडताना वेग झपाट्याने वाढून एका माथ्यावर पोहोचतो आणि मग उतरत जातो. मोठ्या श्वासनलिकेत अडथळा असेल तर वेग एका मर्यादेपलीकडे वाढू शकत नाही. टोकदार डोंगराचा माथा कापून त्याचे पठार व्हावे, तसा वळसा सपाट होतो.

सपाटपणा कोठे आहे, हे वाचण्यातच या चाचणीची खरी कामगिरी आहे. श्वास आत घेताना छातीतला दाब कमी होतो आणि छातीतली श्वासनलिका बाहेरून ओढली जाऊन थोडी उघडते. श्वास सोडताना, आणि जोर लावला तर अधिकच, ती चेपली जाते. मानेतल्या भागात याच्या उलट घडते. म्हणून अडथळा मानेत असेल आणि भिंत मऊ असेल, तर वळशाचा आत घेण्याचा अर्धा भाग सपाट होतो. छातीत असेल आणि भिंत मऊ असेल, तर सोडण्याचा. अडथळा इतका घट्ट असेल की दाबाने तो उघडतही नाही आणि मिटतही नाही, तर दोन्ही अर्धे सपाट होतात. मऊ स्वरयंत्राच्या बाळाचा वळसा आणि घट्ट दुहेरी कमानीच्या बाळाचा वळसा यांत असा फरक पडू शकतो, आणि दाराआडून ऐकले तर दोघांची घरघर सारखीच वाटू शकते. अर्थात हे ठोकताळे प्रथम जोरात फुंकणाऱ्या प्रौढांच्या आलेखांवर बसवलेले आहेत. बाळाच्या शांत श्वासात ते इतके ठळक उमटत नाहीत.

रिपोर्टमध्ये आणखी एक गुणोत्तर असते: श्वास सोडायला लागलेल्या एकूण वेळेपैकी किती वेळात वेग माथ्यावर पोहोचला. लहान श्वासनलिकांच्या आजारांत हा आकडा घटतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. आपल्या विषयात मात्र तो जपून वाचावा, असे माझे मत आहे. एक तर नवजात बाळ श्वास सोडताना स्वरयंत्र किंचित आवळून हवा छातीत रोखून धरते, त्यामुळे हा आकडा मुळातच डळमळता असतो. दुसरे म्हणजे, वळसा सपाट झाला असेल तर माथा नेमका कोणता हेच ठरत नाही. यंत्र पठारावरचा कोणताही बिंदू माथा म्हणून धरते आणि आकडा कधी फसवा चांगला, कधी फसवा वाईट येतो. अशा वेळी आकड्यांचा तक्ता बाजूला ठेवून वळसा डोळ्यांनी पाहिलेला बरा.

अडथळा नळीत की फुप्फुसात

बाळ धापा टाकते त्याची दोन वेगळी कारणे असू शकतात. नळी अरुंद असेल तर हवा जायला वेळ लागतो. फुप्फुस कडक असेल तर ते फुगवायलाच जोर लागतो. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेल्या बाळात फुप्फुसांकडे जादा रक्त जाते आणि ती कडक होतात. एकाच बाळात कडे आणि छिद्र दोन्ही असू शकतात, आणि मग आधी कोणते दुरुस्त करायचे हा प्रश्न खराखुरा असतो.

हे वेगळे करण्याची एक युक्ती आहे आणि ती नवजात बाळाच्याच एका प्रतिक्षेपावर (शरीराच्या आपोआप घडणाऱ्या प्रतिक्रियेवर) आधारलेली आहे. श्वास पूर्ण आत गेला की फुप्फुसे ताणली जातात आणि पुढचा श्वास घेण्याचा प्रयत्न काही क्षण थांबतो. हेरिंग आणि ब्रॉयर या शास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये वर्णन केलेला हा प्रतिक्षेप प्रौढांत क्षीण असतो, नवजात बाळांत जोरकस. श्वास आत गेल्याच्या क्षणी मास्कमधील झडप सेकंदाच्या अंशाइतका वेळ बंद करतात. बाळाचे स्नायू सैल पडतात, हवा कोठेच जात नसल्यामुळे मास्कमधील दाब आणि फुप्फुसांच्या आतला दाब एकसारखा होतो, आणि तो मोजता येतो. झडप उघडली की हवा स्नायूंच्या मदतीशिवाय, केवळ फुप्फुसांच्या ताणाने बाहेर पडते. ती किती लवकर ओसरते आणि सुरुवातीचा दाब किती होता, यांवरून फुप्फुसांची लवचीकता आणि मार्गाचा अडथळा असे दोन स्वतंत्र आकडे निघतात. बाळाला यात काही दुखत नाही. पुष्कळदा ते जागेही होत नाही. नळी अतिशय आवळलेली असेल तर मात्र दाब सारखा व्हायला वेळ पुरत नाही आणि आकडा विश्वासार्ह राहत नाही.

मोठ्या केंद्रांत बाळाला पारदर्शक पेटीत झोपवून पेटीतल्या दाबाच्या चढउतारावरून छातीत किती हवा अडकून राहते हे मोजतात. जाकीट फुगवून छाती झटक्यात दाबण्याची एक पद्धतही आहे. तिला झोपेचे औषध लागते, आणि धमनीने आवळलेल्या श्वासनलिकेच्या नवजात बाळावर ती करण्याचे सहसा काही कारण नसते.

शांत झोपेचा रिपोर्ट आणि रडण्याचा त्रास

या सगळ्या मोजणीची सर्वांत मोठी मर्यादा तिच्या पद्धतीतच आहे. चाचणीसाठी बाळ गाढ झोपलेले हवे. या बाळांचा त्रास मात्र जागेपणी, दूध पिताना आणि रडताना होतो. शांत झोपेत हवेचा वेग कमी असतो. कमी वेगाची हवा अरुंद जागेतूनही बऱ्यापैकी सरकते. बाळ रडू लागले की वेग कित्येक पट वाढतो, अरुंद जागेत प्रवाह भोवऱ्यांचा होतो, आणि भोवऱ्यांच्या प्रवाहात लागणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग तिप्पट, तर जोर नऊपट. चाचणीचे नियम रडतानाचे श्वास बाद करायला सांगतात आणि मोजणी बिनचूक व्हावी म्हणून ते योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असा, की जो क्षण मोजायला हवा होता तोच वगळून रिपोर्ट तयार होतो.

म्हणून झोपेतला वळसा नीट आला, एवढ्यावरून कडे नाही किंवा निरुपद्रवी आहे असे म्हणता येत नाही. दूध पितानाचा आणि रडतानाचा मोबाइलवर, आवाजासह घेतलेला व्हिडिओ डॉक्टरांना दाखवावा. तो चाचणीला पूरक असतो आणि कित्येकदा तिच्याहून अधिक बोलका. उलट वळसा स्पष्टपणे सपाट आला, तर तो गांभीर्याने घ्यावा, कारण झोपेतही जे लपले नाही ते लहान नसते.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयूमध्ये) व्हेंटिलेटरवर असलेल्या बाळाच्या श्वासाचे वळसे पडद्यावर सतत दिसत असतात. तेथे वेगळी फसगत होते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीचे टोक दाबलेल्या जागेच्या खाली पोहोचले, तर ती नळीच मार्ग उघडा धरते आणि वळसा जवळजवळ निरोगी दिसतो; टोक थोडे वर सरकले की एकाएकी सपाट होतो. व्हेंटिलेटरचा सततचा दाबही मऊ भिंतीला आतून आधार देतो. बाळ यंत्रावर उत्तम असते आणि नळी काढली की पुन्हा पुन्हा धापा टाकते, असे घडत असेल तर छातीतल्या धमन्यांचा विचार व्हायलाच हवा. अशा बाळाच्या नाकातून पोटात घातलेली नळीही दीर्घकाळ ठेवू नये, असे जाणकार सांगतात, कारण आत नळी आणि बाहेर धमनी यांच्या मध्ये अन्ननलिकेची भिंत चेपून झिजण्याचा, आणि त्यातून जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

निदान पक्के होते ते चित्रांनी. इकोकार्डिओग्राफी हृदय पाहते, सी.टी. अँजिओग्राफी धमन्यांची गुंफण दाखवते आणि ब्राँकोस्कोपीत दुर्बीण श्वासनलिकेत घालून दाब प्रत्यक्ष पाहता येतो. धमनीचा दाब असेल तर ती भिंत हृदयाच्या ठोक्याबरोबर उडताना दिसते. गोल कूर्चाही याच तपासणीत दिसतात. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर श्वासाची मोजणी करणारी यंत्रणा मिळणे कठीण. पण २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयाचे जन्मदोष समाविष्ट आहेत आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून बाळाला पुढे पाठवता येते. मोजणीची सोय नाही म्हणून सी.टी. लांबवण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

आता पुष्कळ कडी जन्माआधीच सापडतात. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत छातीच्या वरच्या भागातील वाहिन्या आणि श्वासनलिका एका चौकटीत पाहतात. नेहमीच्या रचनेत महाधमनी आणि गर्भातील जोडवाहिनी श्वासनलिकेच्या एकाच बाजूला एकत्र येतात. कमान उजवीकडे आणि जोडवाहिनी डावीकडे असेल, तर श्वासनलिका त्या दोन्हींच्या मध्ये अडकलेली दिसते. यामुळे एक नवीन प्रश्न उभा राहिला आहे. पूर्वी कडे सापडायचे ते आवाज करणाऱ्या बाळात. आता ते आवाज न करणाऱ्या बाळातही आधीच ठाऊक असते. या बाळाची शस्त्रक्रिया करायची की वाट पाहायची? श्वासाच्या मोजणीचा मला सर्वाधिक उपयोग वाटतो तो येथे. आरंभीची एक नोंद आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी त्याच पद्धतीने घेतलेली दुसरी नोंद शेजारी ठेवली, तर वळसा सपाट होत चालला आहे का हे कळते. एकट्या नोंदीपेक्षा दोन नोंदींमधला फरक अधिक खरा असतो. त्याला वजनवाढीची आणि दूध पिण्याला लागणाऱ्या वेळेची जोड मिळाली, की निर्णय बराच सोपा होतो.

धमन्यांचे कडे पहिल्यांदा यशस्वीपणे तोडले ते बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४५ मध्ये. फुप्फुसधमनीच्या स्लिंगची पहिली शस्त्रक्रिया १९५४ मध्ये शिकागोत विलिस पॉट्स यांनी केली. दुहेरी कमानीत आजही तत्त्व तेच आहे: डाव्या बरगड्यांमधून जाऊन लहान कमान आणि तो तंतुमय बंध तोडायचा, तोडताच दोन्ही टोके मागे सरतात आणि नळ्या मोकळ्या होतात. स्लिंगमध्ये धमनी सोडवून योग्य जागी जोडावी लागते आणि गोल कूर्चा असतील तर श्वासनलिकाही रुंद करावी लागते. त्यासाठी १९८९ मध्ये लंडनच्या शल्यविशारदांनी मांडलेली पद्धत गणिताच्या दृष्टीनेही सुरेख आहे. अरुंद भाग मधोमध आडवा कापतात, वरच्या तुकड्याला एका बाजूने आणि खालच्या तुकड्याला विरुद्ध बाजूने उभी चीर देतात आणि दोन्ही एकमेकांवर सरकवून शिवतात. अरुंद भागाची लांबी निम्मी होते, घेर दुप्पट होतो. त्रिज्येच्या चौथ्या घाताचा नियम आठवला, तर अडथळा कागदावर एक बत्तिसांशावर येतो.

कागदावर म्हणण्याचे कारण असे, की शस्त्रक्रियेनंतरही घरघर बहुधा लगेच थांबत नाही, आणि पालकांना हे आधी कोणी नीट सांगितलेले नसते. महिनोन्‌महिने दाबाखाली वाढलेल्या कूर्चा दाब गेला तरी मऊच राहतात. त्या घट्ट व्हायला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि तोवर सर्दी झाली की आवाज पुन्हा वाढतो. येथे वळसा उपयोगी पडतो. शस्त्रक्रियेआधी आत आणि बाहेर दोन्ही अर्धे सपाट असतील आणि नंतर केवळ सोडण्याचा अर्धा सपाट राहिला असेल, तर कडे सुटले आहे आणि मऊपणा उरला आहे, असा अर्थ लावता येतो. दोन्ही अर्धे तसेच सपाट राहिले, तर दाबणारे काही राहून गेले आहे का, गोल कूर्चा नजरेतून सुटल्या आहेत का, हे पुन्हा पाहावे लागते. दोन्ही प्रसंगांत घरी ऐकू येणारा आवाज सारखाच असू शकतो.

मूल पाच-सहा वर्षांचे झाले की ते स्वतः जोरात फुंकू शकते आणि तेव्हा पहिली खरी स्पायरोमेट्री करावी. अगदी धडधाकट, मैदानात पळणाऱ्या मुलांतही तेव्हा वेगाचा माथा किंचित कापलेला आढळतो. शाळेतल्या डॉक्टरांनी तो पाहून दम्याचा पंप सुरू करण्याआधी जुनी फाइल पाहिलेली बरी. म्हणून त्या फाइलमध्ये नुसते आकडे न ठेवता वळशाची छापील प्रत, त्या दिवशीचे वजन, बाळ झोपेत होते की औषधाने झोपवले होते, मास्क कोणत्या मापाचा होता आणि श्वासनलिकेत नळी होती का, एवढे लिहून घ्यावे. हे तपशील मागितले तर प्रयोगशाळा देते. न मागता ते क्वचितच छापले जातात.